ठासणीच्या बंदुका आणि उरलेले सातजण

"रविवारी काय करताय?" हा प्रश्न जर्मन माणूस शुक्रवारी विचारत नाही, सहा आठवडे आधी विचारतो. हेर आयझेलेंचा फोनही तसाच ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आला.

"सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या गावात नेमबाजी आहे. जुन्या, ठासणीच्या बंदुकांची. घरच्यांना घेऊन ये, मीनल. माणसं हवी आहेत आम्हाला."

शेवटचं वाक्य ते ज्या आवाजात म्हणाले, त्यामुळे मी हो म्हणून टाकलं. नाहीतर माझा आणि बंदुकीचा संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे कधी गेला नव्हता.

हेर आयझेले (हेर म्हणजे श्रीयुत) हे माझे जुने सहकारी. पाच वर्षांपूर्वी मी पुण्याहून गेर्लिंगेनला नोकरीला आले, तेव्हा टेस्ट लॅबमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर ते बसायचे. मशीनवरचे आकडे कसे वाचायचे आणि इथली श्वेबिश बोली कशी ऐकायची, हे दोन्ही मला त्यांनीच शिकवलं. त्या वर्षीच्या वसंतात ते निवृत्त झाले आणि श्वेबिश आल्बच्या पठारावरच्या आपल्या गावी कायमचे राहायला गेले.

नवरा, निनाद, त्या आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी ड्युसेलडॉर्फला असणार होता. घरात उरलो मी आणि अप्पा. अप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून आग्रह करकरून तीन महिन्यांसाठी त्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी चौतीस वर्षं एका सरकारी दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. आमच्याकडे आल्यापासून मात्र ते बाल्कनीत बसून खालून जाणाऱ्या पिवळ्या ट्राम बघत. काही विचारलं तर "बरं आहे", "चालेल", "नको", एवढंच. मी सून, ते सासरे, आणि मध्ये बोलायला सासूबाई नाहीत. आम्हा दोघांनाही सुरुवात कशी करावी ते कळत नव्हतं.

"अप्पा, याल का? दारू भरून, गजाने ठासून उडवायच्या बंदुका आहेत म्हणे."

पुण्याहून आणलेल्या मासिकातून त्यांनी मान वर केली. "काळी दारू?"

"मला नाही माहीत."

"ठासणीची आहे म्हणजे काळीच असणार. येतो मी."

शनिवारी सकाळी निघालो. कोणाला जायचं असेल तर सांगते: बाडेन-व्युर्टेमबेर्ग तिकीट काढा. सत्तावीस-अठ्ठावीस युरोत पाच जणांना दिवसभर फिरता येतं, दोघांनाही परवडतंच. श्टुटगार्टहून मेट्सिंगेनपर्यंत मोठी गाडी, तिथे बदलून बाड उराखची दोन डब्यांची छोटी गाडी. मेट्सिंगेनला आमचा अर्धा डबा रिकामा झाला. तिथे ब्रँडेड कपड्यांची स्वस्त दुकानं आहेत, त्यामुळे आपली मंडळीही बरीच दिसतात. पुढच्या प्रवासाला आम्ही, सायकलवाले आणि काठ्या घेतलेले आजी-आजोबा एवढेच उरलो.

उराखच्या आधीच्या थांब्यावर उतरून धबधब्याकडे चालत गेलो. रस्ता सपाट आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल. दोन्ही बाजूंना सफरचंदाची झाडं आणि खाली गवतात पडलेली सफरचंदं. अप्पांनी एक उचललं, पुसलं आणि पुन्हा होतं तिथे ठेवलं. "दुसऱ्याचं आहे," म्हणाले. धबधबा कड्यावरून थेट खाली शेवाळावर पडतो. फार पाणी नव्हतं, पण तुषार अंगावर येत होते. अप्पा बाकावर वीस मिनिटं बसले. मी फोटो काढले. बोलणं असं काही झालं नाही.

दुपारी उराखच्या चौकात कांद्याचा केक खाल्ला. नावाला केक, पण जाड पिठाच्या भाकरीवर कांदा आणि साय. घेताना ‘श्पेक नको’ असं सांगायला विसरू नका, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. मग साडेतीनच्या बसने चढ चढून पठारावर. ही बस शनिवारी दिवसातून तीनदा असते आणि रविवारी नसतेच, त्यामुळे परतीची सोय आधीच ठरवून ठेवा. आम्हाला हेर आयझेले सोडणार होते. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे वाचलंत की का ते कळेल.

गावात एकच गास्टहाउस. खोल्या स्वच्छ, नाश्त्यासकट माणशी तीस युरो, आणि खिडकीतून मेंढ्या दिसतात. संध्याकाळी हेर आयझेले तिथेच जेवायला आले. आम्ही मसूर आणि श्पेट्सले मागवलं. श्पेट्सले म्हणजे कणकेच्या उकडलेल्या जाड, आखूड शेवया. सोबतचं सॉसेज नको म्हटल्यावर मालकीणबाई कंबरेवर हात ठेवून अस्सल श्वेबिशमध्ये म्हणाल्या, "हा नो! मग राहिलं काय त्यात?"

अप्पांनी पहिला घास घेतला, थोडं थांबले. "आमटीत व्हिनेगर घालतात हे लोक." दुसरा घास घेतल्यावर म्हणाले, "वाईट नाही पण."

मी भाषांतर करून सांगितल्यावर हेर आयझेले पोटभर हसले. मग त्यांनी मूळ गोष्ट काढली.

"मी फेराइनमध्ये, म्हणजे गावच्या नेमबाजी मंडळात, आलो तेव्हा ठासणीच्या विभागात आम्ही एकतीस जण होतो. आता कागदावर नऊ. त्यातले दोन वृद्धाश्रमात आहेत."

"नवीन लोक का येत नाहीत?"

"का येतील?" ते बोटं मोजत म्हणाले. "काळी दारू ठेवायची तर पुल्व्हरशाइन हा परवाना लागतो. त्याचा अभ्यासवर्ग, त्याची परीक्षा, पोलिसांकडून चौकशी. मग एक गोळी भरायला दोन मिनिटं आणि संध्याकाळी बंदूक धुवायला तास. पाच वर्षांपूर्वी इथल्याच भागात एका शाळेत गोळीबार झाला. तेव्हापासून बेकरीत कोणी विचारलं की रविवारी काय केलं, तर मी बागकाम म्हणून सांगतो. आणि माझी मुलगी! लहानपणी तिला धुराचा वास फार आवडायचा. आता हॅम्बुर्गला असते. योगासनं करते."

दुसऱ्या दिवशी नेमबाजीनंतर विभागाची सभा होती. फ्राऊ राप नावाच्या बाईंनी ठराव मांडला होता: वर्षअखेर हा विभाग बंद करायचा, आणि ज्यांना हवं त्यांनी शेजारच्या मोठ्या गावातल्या गटात जायचं. ते गाव गाडीने तासभर दूर.

"तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"विरोध," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी ती भिंत बांधली आहे. गोळ्या अडवणारी."

रविवारी दहाला आम्ही पोहोचलो. श्युत्सेनहाउस, म्हणजे नेमबाजी मंडळाची जागा, गावाबाहेर, पाइनच्या रांगेमागे. बैठी लाकडी इमारत, पुढे छप्पर असलेले बारा कप्पे आणि पन्नास मीटरवर लक्ष्याचे कागद. मागे मातीची भिंत. बारापैकी फक्त चार कप्पे उघडले होते, बाकीच्यांत खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. दाराजवळ पदाधिकाऱ्यांची पाटी होती. विभागप्रमुख: आयझेले. दारूचा जबाबदार: आयझेले. देखरेख: आयझेले. चिटणीस: राप. खजिनदार: राप. स्वयंपाकघर: राप.

माणसं सात. सगळ्यांत तरुण गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे. फ्राऊ राप सत्तरीच्या, ठेंगण्या, एप्रन न काढताच कानांवर आवाज अडवणारे मफ लावलेल्या. एका हाताने बटाट्याचं सॅलड ढवळायच्या आणि मधेच बाहेर येऊन गोळी मारून जायच्या. त्यांचे नेम सगळ्यांत चांगले लागत होते.

प्रत्येकाला अर्ध्या तासात तेरा बार, त्यातले चांगले दहा धरायचे. घाई कोणालाच नाही. दारू आधीच मोजून छोट्या नळ्यांत भरून आणलेली असते. ती बंदुकीच्या तोंडातून आत ओतायची. मग तेल लावलेली चिंधी, त्यावर शिशाची गोल गोळी, आणि गजाने ती थेट तळापर्यंत ठासायची. मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी बसवली की बंदूक तयार. आवाज कडाडून येत नाही, धप्प असा छातीत बसतो. पांढरा धूर बराच वेळ रेंगाळतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो.

अप्पा मात्र तो वास ओढून घेत उभे होते. "गंधक," एवढंच म्हणाले. पण त्यांची पाठ ताठ झाली होती. दोन महिन्यांत मी त्यांना असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. हात मागे बांधून, कप्प्याच्या दोन पावलं मागे, ते हेर आयझेलेंचं प्रत्येक काम बघत होते.

भिंतीवर जुन्या अक्षरात रंगवलेली एक पाटी होती. मी ती अप्पांना मराठीत सांगितली: "एक भरतो, दुसरा पाहतो."

"आमच्याकडेही असंच," अप्पा म्हणाले. "मग यांचा दुसरा कुठे आहे?"

मी हे हेर आयझेलेंना विचारलं. ते हसले. "पूर्वी दोघं असायचे प्रत्येक टेबलापाशी. आता दुसराही मीच."

स्वतःचे तेरा बार झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. पाहुण्यांना बंदूक भरता येत नाही, पण देखरेखीखाली उडवता येते. मी कानावर मफ चढवले. हेर आयझेलेंनी दारू ओतली, चिंधी ठेवली, गोळी बसवली आणि गज आत ढकलायला लागले. नळी आतून काजळीने भरली होती, गज अडत होता.

आणि मी, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "सभेत काय बोलणार आहात?"

ते थांबले. एक मफ बाजूला करून माझ्याकडे वळले. "हेच, की मी उभा आहे तोवर हे चालेल. बाकी कोणी नसलं तरी चालेल." हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी गज बाहेर काढला, बाजूला ठेवला, टोपी बसवली आणि बंदूक माझ्या हातात दिली.

दस्ता खांद्याला लावला. बंदूक वाटली त्यापेक्षा जड होती. गाल लाकडाला टेकवला, नेम धरला.

"मीनल, चापावरचं बोट काढ."

मफमधूनही ऐकू आलं. अप्पांचा आवाज मोठा नव्हता, पण तो मी पूर्वी कधी ऐकलेला आवाज नव्हता. माझं बोट आपोआप सरळ झालं.

"बंदुकीचं तोंड समोरच ठेव. हलवू नको. त्यांना सांग, टोपी काढा आणि गज आत घालून बघा."

मी जर्मनमध्ये सांगितलं. हेर आयझेलेंनी एक क्षण अप्पांकडे बघितलं. मग पुढे येऊन माझ्या हातातली बंदूक न हलवता टोपी काढली आणि गज अलगद नळीत सोडला.

गजावर एक पांढरा पट्टा रंगवलेला होता. गोळी तळाला बसली की तो पट्टा बरोबर नळीच्या तोंडाशी यायला हवा. तो तीन बोटं वर राहिला होता.

मला त्याचा अर्थ कळला नाही. हेर आयझेलेंच्या चेहऱ्यावरून कळला. त्यांचा रंग उडाला होता.

"गोळी मधेच अडकली आहे," अप्पा म्हणाले. "दारू आणि गोळीच्या मध्ये पोकळी. अशात नळी फुटू शकते." आणि मग, "तुझा गाल होता तिथे."

हेर आयझेलेंनी बंदूक माझ्याकडून घेतली. गज जोर लावून ढकलला. गोळी खाली सरकली, पट्टा तोंडाशी आला. टोपी लावून त्यांनी तो बार स्वतः मातीच्या भिंतीत उडवला. मग बंदूक टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात टेबलावर टेकवून उभे राहिले.

बाकीचे पाचजण पलीकडच्या कप्प्यांपाशी होते, मफ लावून, आपापल्या नेमात. फ्राऊ राप स्वयंपाकघरात होत्या. कोणाला काही कळलं नव्हतं.

"त्यांना विचार," हेर आयझेले हळू म्हणाले, "तुम्हाला कसं दिसलं?"

"तेरा वेळा पट्टा तोंडाशी आला," अप्पा म्हणाले. "चौदाव्या वेळी आला नाही. एवढंच." मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "त्यांना म्हणावं, झालं ते झालं. कोणाला इजा नाही. आपण कोणाला सांगणार नाही. एवढ्या वर्षांचं नाव आहे त्यांचं."

मी तसं सांगितलं. हेर आयझेलेंनी मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही.

जेवायला माउलटाशेन होत्या, म्हणजे मोठ्या करंज्यांसारखं काहीतरी, आत पालक आणि मांस. आमच्यासाठी फ्राऊ रापनी नुसत्या पालकाच्या वेगळ्या केल्या होत्या. बटाट्याचं सॅलडही उत्तम होतं. अप्पांनी दोनदा घेतलं. हेर आयझेले काहीच खात नव्हते. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. प्रश्न मी विचारला होता. गज अर्ध्यावर असताना.

तीन वाजता त्याच टेबलांवर सभा बसली. आम्ही मागे. मी अप्पांच्या कानात भाषांतर करत होते. फ्राऊ रापनी ठराव वाचून दाखवला. थोडं जड आवाजात, पण शब्द न गाळता. मग सगळे हेर आयझेलेंकडे बघू लागले. ते काय बोलणार हे सगळ्यांना माहीत होतं.

ते उठले. खिशातला कागद काढला, बघितला, घडी करून परत ठेवला.

"मी विरोधाचं भाषण लिहून आणलं होतं," ते म्हणाले. "ते आता वाचत नाही. आज सकाळी मी पाहुणीसाठी बंदूक भरली. गोळी पुरती बसवली नाही. पट्टा बघितला नाही. टोपी लावून बंदूक तिच्या हातात दिली. तिचे सासरे मागे उभे होते म्हणून ती आत्ता इथे बसली आहे."

फ्राऊ रापनी पेन खाली ठेवलं.

"बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पण पहिल्यांदाच झालं म्हणून ते लहान होत नाही. त्या पाटीवर लिहिलं आहे, एक भरतो, दुसरा पाहतो. मी सगळ्यांना सांगत होतो की मी एकटा पुरे आहे. मी पुरे नाही."

हे मी अप्पांना मराठीत सांगितलं. मग मी हात वर केला. पाहुण्यांनी सभेत बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. फ्राऊ राप म्हणाल्या, "बोल, मुली."

"गज आत असताना मी त्यांना प्रश्न विचारला," मी म्हणाले. "चूक माझीही आहे."

हेर आयझेले माझ्याकडे वळले. लॅबमध्ये मी चुकले की बघायचे तसंच. "प्रश्न विचारायला बंदी नाही, मीनल. उत्तर द्यायचं की नाही, हे माझ्या हातात होतं."

मग मतदान झालं. ठरावाच्या बाजूने पाच हात, त्यात हेर आयझेलेंचा. एक विरोधात. आणि ज्यांनी ठराव मांडला होता, त्या फ्राऊ रापनी हात वर केलाच नाही. इतिवृत्तात स्वतःचं नाव ‘तटस्थ’ म्हणून लिहिलं आणि एप्रनने डोळे पुसले. "मला वाटलं होतं हा भांडेल," त्या म्हणाल्या. "त्याने भांडावं म्हणूनच मांडला होता मी."

निघायच्या आधी फ्राऊ राप अप्पांपुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बंदुकीकडे बोट दाखवलं, मग अप्पांकडे. भाषांतर लागलं नाही. फ्राऊ रापनी भरली, हेर आयझेले शेजारी उभं राहून प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हणत होते: दारू, चिंधी, गोळी, पट्टा. "पट्टा!" फ्राऊ रापही म्हणाल्या. चौतीस वर्षं दारूगोळा तपासलेल्या माणसाने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक उडवली. गोळी कागदाच्या कोपऱ्याला लागली. सातही जणांनी टेबलं ठोकून दाद दिली. अप्पा लाजले. खरंच लाजले.

हेर आयझेलेंनी आम्हाला उराख स्टेशनवर सोडलं. उतरताना त्यांनी अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. अप्पा म्हणाले, "डांके." हा शब्द ते केव्हा शिकले कोण जाणे.

ऊन अजून होतं. गाडी सुटल्यावर सफरचंदांची कुरणं मागे जाऊ लागली आणि अप्पा खिडकीकडे बघतच बोलायला लागले.

"मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. साळुंखे म्हणून एक होता, माझ्यापेक्षा सिनियर. फ्यूज बसवायच्या टेबलावर. एक दिवस त्याने एक पायरी गाळली. मी बघितलं. म्हटलं, याला काय सांगणार, हा मला शिकवणारा. आणि गप्प बसलो. दोन बोटं गेली त्याची."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

"चौकशी झाली. मला विचारलं, काही पाहिलंस का. मी नाही म्हणालो. तो पुढे माझा चांगला मित्र झाला. निनादच्या मुंजीत पंगतीत वाढायला होता, तीन बोटांनी. तुझ्या सासूला माहीत होतं. ती म्हणायची, सांगून टाका. मी म्हणायचो, आता काय उपयोग." मेट्सिंगेनला गाडी बदलेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "मी सकाळी त्यांना म्हणालो, कोणाला सांगू नका. आणि तो माणूस उठून सगळ्यांसमोर बोलला."

घरी पोहोचलो तेव्हा निनादही नुकताच आला होता. "कशी झाली ट्रिप?" त्याने मला विचारलं, पण उत्तर अप्पांनी दिलं. खिचडी होईपर्यंत त्यांनी धबधब्यापासून सगळं सांगितलं, व्हिनेगरच्या आमटीसकट. बंदुकीची गोष्ट आली तेव्हा निनादने माझा हात धरला आणि नंतर बराच वेळ सोडला नाही.

हा ब्लॉग लिहायला मला आठ महिने लागले, कारण आधी हेर आयझेलेंना विचारायचं होतं. ते म्हणाले, गावाचं नाव सोडून सगळं लिही. ते आणि फ्राऊ राप आता दर दुसऱ्या शनिवारी एकाच गाडीतून शेजारच्या गटात जातात. तिथे चौदा जण आहेत. देखरेखीची जबाबदारी त्यांनी सोडली आहे, नुसते सभासद म्हणून नेम मारतात. "तासभर गाडी चालवावी लागते," ते म्हणाले, "पण तिथे माझ्यामागे कोणीतरी उभं असतं." गावातले बारा कप्पे बंद आहेत. वडिलांनी बांधलेल्या भिंतीवर गवत वाढलं आहे. हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

तुम्ही जर्मनीत राहत असाल तर आपल्या जवळच्या अशा एखाद्या फेराइनचा दरवाजा एकदा ठोठावून बघा. बंदूक आवडायलाच हवी असं नाही. मला आजही आवडत नाही, आणि मी त्या दिवशी एकही बार उडवला नाही. पण रविवारची सकाळ एकमेकांवर लक्ष ठेवण्यात घालवणारी माणसं तिथे अजून आहेत, आणि ती कमी होत चालली आहेत. ती संपली की नेमकं काय संपतं, ते मला त्या तीन बोटांच्या अंतराने कळलं.

आणि अप्पांचं. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघत होते, तेव्हा ते म्हणाले, "मीनल, पुण्याला फोन कसा लावायचा ते दाखवून जा." मी नंबर फिरवून दिला आणि बूट घालत दाराशी थांबले. थांबायला नको होतं, पण थांबले. ते बाल्कनीत गेले, दार ओढून घेतलं. काचेतून फक्त पाठ दिसत होती. पाच मिनिटं ते बोलत होते, मग बराच वेळ नुसतं ऐकत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून दार उघडलं, तर ते हसत होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "साळुंखे म्हणाला, त्याने साहेबांना मशीन खराब होतं म्हणून सांगितलं होतं. म्हणाला, अरे, पायरी गाळली हे कोणी बघितलं नाही, म्हणून मी इतकी वर्षं देवाचे आभार मानत होतो."